विदा कायदे व पूर्वप्रस्थापित मानके

विदेचे संकलन, साठवण, देवाणघेवाण व संरक्षण यांविषयी नवा कायदा होण्यापूर्वीच त्या क्षेत्रात रूढ असलेल्या तांत्रिक व व्यवस्थापकीय मानकांना तो कायदा कोणते स्थान देतो, हा विधिशास्त्र व मानकीकरण यांच्या सीमेवरील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. ‘डेटा’ या शब्दाने व्यवहारात ओळखल्या जाणाऱ्या सामग्रीला येथे ‘विदा’ असे म्हटले आहे. विदेविषयीचा कायदा कधीही मोकळ्या जागेवर उभा राहत नाही. तो येतो तेव्हा बँका, रुग्णालये, शासकीय कार्यालये व उद्योगसंस्था कोणत्या ना कोणत्या मानकानुसार आधीपासून काम करीत असतात. त्यांनी यंत्रसामग्रीवर खर्च केलेला असतो, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलेले असते आणि प्रमाणपत्रेही मिळविलेली असतात. अशा मानकाचे पालन म्हणजेच कायद्याचे पालन होय की नाही, या प्रश्नाच्या उत्तरावर दोन गोष्टी अवलंबून असतात : विदेचा भंग झाल्यास संस्थेची जबाबदारी व बाधित व्यक्तीला मिळणारी दाद.

मानक व कायदा यांतील भेद : मानक हे स्वरूपतः ऐच्छिक असते. तज्ञांच्या समितीने सहमतीने ठरविलेली ती कार्यपद्धती असून एखादी गोष्ट ‘कशी’ करावी, हे ती सांगते. कायदा बंधनकारक असतो आणि ‘कोणी कोणाचे काय देणे लागतो’ हे ठरवितो. माहिती-सुरक्षेचे मानक संस्थेच्या माहितीचे रक्षण करण्यासाठी रचलेले असते. त्यात ग्राहकाचे नाव व कारखान्याचे गुप्त सूत्र या दोन्ही सारख्याच ‘माहिती-मत्ता’ असतात. व्यक्तिगत विदेचा कायदा मात्र ज्या व्यक्तीची ती विदा आहे तिचे रक्षण करतो. एखाद्या संस्थेने ग्राहकांची माहिती उत्तम कड्याकुलपात ठेवली, पण ती मुळात त्यांच्या संमतीवाचून गोळा केलेली असली, तर मानकाचा भंग होत नाही, कायद्याचा मात्र होतो. पुढील सर्व विवेचनाचे मूळ या भेदात आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या क्षेत्रात तत्त्वे आणि मानके अशा दोन धारा सुरुवातीस स्वतंत्रपणे वाहत होत्या. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८० मध्ये व्यक्तिगत विदेविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि यूरोपीय परिषदेने २८ जानेवारी १९८१ रोजी या विषयावरील १०८ क्रमांकाचा करार सह्यांसाठी खुला केला. मानकांच्या बाजूस ब्रिटिश मानकसंस्थेने १९९५ मध्ये बीएस ७७९९ हे माहिती-सुरक्षेविषयीचे मानक प्रसिद्ध केले. त्याचा पहिला भाग २००० साली आयएसओ/आयईसी १७७९९ म्हणून आंतरराष्ट्रीय झाला आणि व्यवस्थापन-पद्धतीविषयीचा दुसरा भाग २००५ साली आयएसओ/आयईसी २७००१ या रूपाने पुढे आला. या मानकाच्या सुधारित आवृत्त्या २०१३ व २०२२ साली निघाल्या. परिशिष्टातील नियंत्रणांची संख्या २०१३ च्या आवृत्तीत ११४, तर २०२२ च्या आवृत्तीत पुनर्रचनेमुळे ९३ आहे. कार्ड-व्यवहारांसाठी प्रमुख कार्ड-कंपन्यांनी २००४ मध्ये पीसीआय डीएसएस हे मानक सुरू केले. म्हणजे बहुतेक देशांत व्यक्तिगत विदेचे व्यापक कायदे होण्यापूर्वीच मानकांचे जाळे विणले गेले होते.

कायद्याने मानकाला स्थान देण्याचे प्रकार : निरनिराळ्या देशांतील कायद्यांचे अवलोकन केल्यास चार प्रमुख प्रकार आढळतात. (१) नामनिर्देश : कायदा किंवा नियम मानकाचे नाव घेतो आणि त्याचे पालन बंधनकारक किंवा पुरेसे ठरवितो. (२) अनुपालनाचे गृहीतक : कायदा केवळ मूलभूत आवश्यकता सांगतो, मान्यताप्राप्त मानकाचे पालन करणाऱ्याने त्या आवश्यकता पूर्ण केल्या आहेत असे, उलट सिद्ध होईपर्यंत, धरून चालतो. (३) आशयग्रहण : कायदा मानकाचे नाव घेत नाही, पण त्यातील आशय स्वतःच्या शब्दांत नियमबद्ध करतो. (४) मौन : कायदा ‘वाजवी’ किंवा ‘योग्य’ यांसारखे विशेषण वापरून थांबतो आणि मानकाला फार तर पुराव्याचे मूल्य उरते.

नामनिर्देशाचेही दोन उपप्रकार आहेत. विशिष्ट आवृत्तीचा उल्लेख केल्यास तो ‘स्थिर निर्देश’ होय. मानकाची जी आवृत्ती त्या त्या वेळी प्रचलित असेल ती लागू केल्यास तो ‘चल निर्देश’ होय. स्थिर निर्देशात कायदा निश्चित राहतो, पण जुना होतो. चल निर्देशात तो ताजा राहतो, पण त्याचा आशय बदलण्याचा अधिकार विधिमंडळाच्या हातून मानकसंस्थेच्या हाती जातो.

अमेरिकेतील अनुभव : या दोन्ही उपप्रकारांची ठळक उदाहरणे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतात. १९९६ च्या आरोग्यविमाविषयक संघीय कायद्याने (‘हिपा’) वैद्यकीय देयकांच्या इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाणीसाठी शासनाने शक्यतो मान्यताप्राप्त मानकसंस्थांनी तयार केलेली मानकेच स्वीकारावीत, असे ठरविले. त्यानुसार २००० साली केलेल्या नियमांत एक्स १२ समितीचे संदेश-नमुने आणि रोगनिदानासाठी आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या नवव्या आवृत्तीचे अमेरिकी रूप यांचा अंतर्भाव झाला. जागतिक आरोग्य संघटनेने दहावी आवृत्ती १९९० सालीच संमत केली होती. तथापि नियमात नववी आवृत्ती बद्ध झाल्यामुळे बदलासाठी नवा नियम करणे भाग पडले. तो २००९ मध्ये झाला. त्यातील ऑक्टोबर २०१३ ही मुदत दोनदा लांबली आणि दहावी आवृत्ती प्रत्यक्षात १ ऑक्टोबर २०१५ पासून अंमलात आली. स्थिर निर्देशाची किंमत येथे वर्षांत मोजता येते.

याच्या उलट नेव्हाडा राज्याने १ जानेवारी २०१० पासून लागू केलेल्या कायद्यात, कार्डाने पैसे स्वीकारणाऱ्या व्यावसायिकाने पीसीआय डीएसएस या मानकाच्या प्रचलित आवृत्तीचे पालन करावे, असा चल निर्देश आहे. या मानकाची ४.० ही आवृत्ती २०२२ मध्ये निघाली व जुनी ३.२.१ ही आवृत्ती ३१ मार्च २०२४ रोजी मागे घेण्यात आली, तेव्हा त्या राज्यातील व्यापाऱ्यांची कायदेशीर कर्तव्ये विधिमंडळाने एक शब्दही न बदलता बदलली. ओहायओ राज्याने २०१८ साली मधला मार्ग काढला. तेथील कायदा कोणावरही मानक लादत नाही. मात्र नामनिर्देशित मानकांपैकी एखाद्याशी वाजवी रीतीने सुसंगत असा लेखी सुरक्षा-कार्यक्रम पाळणाऱ्या संस्थेला, विदाभंगाबद्दलच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात बचावाचा मुद्दा उपलब्ध करून देतो. मानकाची सुधारित आवृत्ती निघाल्यास तिच्याशी जुळवून घेण्यासाठी एक वर्षाची मुदत दिलेली आहे. येथे मानक हे कर्तव्य नसून ढाल आहे.

यूरोपीय संघातील व्यवस्था : यूरोपीय संघाचा सामान्य विदा-संरक्षण विनियम २०१६ साली संमत झाला व २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने १९९५ चा निदेश रद्द केला. परंतु त्या निदेशाखाली आयोगाने घेतलेले निर्णय बदलले वा रद्द केले जाईपर्यंत चालू ठेवले. पूर्वी घेतलेली संमती नव्या अटींत बसत असेल तर ती पुन्हा घेण्याची गरज नाही, हेही त्याच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. सुरक्षेविषयीच्या कलम ३२ मध्ये मात्र कोणत्याही मानकाचे नाव नाही. जोखमीला अनुरूप असे ‘योग्य तांत्रिक व संघटनात्मक उपाय’ एवढेच अपेक्षित आहेत.

या विनियमाने ज्या मानकाचे नाव सालासह घेतले आहे ते सुरक्षेचे नव्हे, तर प्रमाणन-संस्थांचे आहे. कलम ४३ नुसार राष्ट्रीय अधिस्वीकृती संस्था प्रमाणन-संस्थांना ईएन-आयएसओ/आयईसी १७०६५/२०१२ या मानकानुसार मान्यता देते. हे मानक उत्पादने, प्रक्रिया व सेवा यांच्या प्रमाणनासंबंधीचे आहे. आयएसओ/आयईसी २७००१ चे प्रमाणपत्र व्यवस्थापन-पद्धतीचे असून ते आयएसओ/आयईसी १७०२१ च्या चौकटीत दिले जाते. परिणामतः यूरोपात सर्वाधिक परिचित असलेले माहिती-सुरक्षेचे प्रमाणपत्र हे या विनियमाच्या अर्थाने प्रमाणपत्र ठरत नाही. विनियमाच्या चौकटीतील पहिली संघव्यापी प्रमाणन-मुद्रा, यूरोप्रायव्हसी, ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजूर झाली. शिवाय कलम ४२ प्रमाणे प्रमाणन मिळाल्यामुळे संस्थेची जबाबदारी कमी होत नाही.

विदेच्या देवाणघेवाणीसंबंधीचा ‘डेटा अ‍ॅक्ट’ या नावाने ओळखला जाणारा यूरोपीय विनियम १३ डिसेंबर २०२३ रोजी संमत झाला, ११ जानेवारी २०२४ रोजी अस्तित्वात आला व १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यात दुसरा प्रकार, म्हणजे अनुपालनाचे गृहीतक, विस्ताराने आढळतो. विदेच्या सामायिक अवकाशांत भाग घेणाऱ्यांनी विदेची रचना, शब्दसंग्रह, वर्गीकरणे इत्यादींची माहिती उपलब्ध करून द्यावी, अशी मूलभूत आवश्यकता कायदा सांगतो. त्यानंतर आयोग यूरोपीय मानकसंस्थांना ‘एकरूप मानके’ तयार करण्याची विनंती करतो आणि संघाच्या राजपत्रात संदर्भ प्रसिद्ध झालेल्या मानकाचे पालन करणाऱ्यास गृहीतकाचा लाभ मिळतो. मानकसंस्थांनी विनंती स्वीकारली नाही, मुदत पाळली नाही किंवा तयार झालेले मानक विनंतीशी जुळले नाही, तरच आयोगाला स्वतः ‘समाईक विनिर्देश’ ठरविता येतात. एकरूप मानक प्रसिद्ध झाल्यावर हे विनिर्देश मागे घ्यावे लागतात. म्हणजे मानकसंस्थेला अग्रक्रम आणि शासनाला राखीव अधिकार, अशी ही रचना आहे. मेघ-संगणन सेवा बदलू इच्छिणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत, लागू पडणारे मानकच नसेल, तर विदा सर्वसाधारणपणे वापरात असलेल्या व यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात द्यावी, असा किमान नियमही आहे. याच विनियमाच्या कलम ४४ ने ११ जानेवारी २०२४ पर्यंत अस्तित्वात आलेल्या संघ-कायद्यांतील विदा उपलब्ध करून देण्याच्या विशिष्ट बंधनांना धक्का लावलेला नाही.

मानक वाचण्याचा अधिकार : मानके सामान्यतः विकत घ्यावी लागतात व त्यांवर स्वामित्वहक्क असतो. कायदा त्यांना परिणाम देऊ लागला, की नागरिकाला स्वतःवर लागू असलेला नियम पैसे देऊन वाचावा लागतो, अशी विसंगती निर्माण होते. यूरोपीय संघाच्या न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०१६ रोजी जेम्स इलियट कन्स्ट्रक्शन या प्रकरणात एकरूप मानके ही संघ-कायद्याचा भाग असल्याचे म्हटले. खेळण्यांच्या सुरक्षेविषयीच्या मानकांसंबंधी ५ मार्च २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात अशी मानके खुली होण्यात सार्वजनिक हित आहे, हे त्या न्यायालयाने मान्य केले. हे निर्णय विदेविषयी नसले, तरी अनुपालनाच्या गृहीतकावर उभारलेल्या विदा कायद्यांनाही त्यांतील तत्त्व तितकेच लागू पडते.

भारतातील स्थित्यंतर : भारतात नामनिर्देशाकडून आशयग्रहणाकडे झालेला प्रवास स्पष्ट दिसतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३-क घालण्यात आले व ते २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. संवेदनशील व्यक्तिगत विदा हाताळणाऱ्या निगम संस्थेने वाजवी सुरक्षा-पद्धती राखण्यात निष्काळजीपणा केला आणि त्यामुळे कोणाची हानी झाली, तर तिने नुकसानभरपाई द्यावी, असे हे कलम सांगते. ‘वाजवी’ म्हणजे काय, याचे उत्तर ११ एप्रिल २०११ च्या नियमांतील आठव्या नियमाने दिले. आयएस/आयएसओ/आयईसी २७००१ हे असे एक मानक असल्याचे त्यात नावानिशी नमूद केले आहे. उद्योगसंघांच्या अन्य संहितांनाही केंद्र शासनाच्या मान्यतेनंतर हेच स्थान मिळू शकते. या मानकाचे किंवा मान्य संहितेचे पालन करणाऱ्या व शासनमान्य स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून वर्षातून किमान एकदा परीक्षण करून घेणाऱ्या संस्थेने वाजवी पद्धती पाळल्या आहेत, असे मानले जाते.

या नियमाने मानकाचे शीर्षक उद्धृत केले, पण साल दिले नाही. तो केला गेला तेव्हा २००५ ची आवृत्ती प्रचलित होती. २०२२ च्या आवृत्तीचे शीर्षकही बदलून त्यात सायबर सुरक्षा व खाजगीपणाचे संरक्षण यांचा उल्लेख आला. नियमातील शीर्षक मात्र जुनेच राहिले. यापेक्षा अधिक महत्त्वाची अडचण व्याप्तीची होती. प्रमाणपत्र बहुधा संस्थेच्या विशिष्ट विभागापुरते असते. मुख्य संगणक-केंद्राचे प्रमाणपत्र शाखेतील कागदपत्रांच्या छायाप्रतींना किंवा बाहेरच्या कंत्राटदाराकडे दिलेल्या यादीला लागू होत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र असणे व विदा सुरक्षित असणे या दोन गोष्टी एकच मानण्याची सवय धोक्याची ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. न्या. श्रीकृष्ण समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला, २०१९ चे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले आणि अखेर डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमास ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. दरम्यान भारतीय मानक ब्यूरोने विदेच्या खाजगीपणाच्या हमीविषयी आयएस १७४२८ हे स्वतंत्र मानकही तयार केले होते. तथापि नव्या अधिनियमात आयएसओ/आयईसी २७००१ चे नाव नाही आणि आयएस १७४२८ चेही नाही. कलम ८(५) केवळ ‘वाजवी सुरक्षा-उपाय’ मागते व त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांपैकी सहाव्या नियमात किमान उपाय सांगितले आहेत : विदा कूटबद्ध करणे किंवा झाकणे, प्रवेशावर नियंत्रण, प्रवेशाच्या नोंदी व त्यांची तपासणी, पर्यायी प्रती, नोंदी एक वर्ष जपणे आणि विदा-प्रक्रिया करणाऱ्या कंत्राटदाराशी करारात तशा अटी घालणे. माहिती-सुरक्षेच्या मानकांशी परिचित असलेल्यास यांतील जवळजवळ प्रत्येक बाब ओळखीची वाटेल. आशय आला, नाव गेले. आणि नावाबरोबर ‘पालन केले असे मानले जाईल’ हे कायदेशीर कवचही गेले.

संक्रमणाचा काळ टप्प्याटप्प्याने ठरविण्यात आला. १३ नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनुसार विदा संरक्षण मंडळासंबंधीच्या तरतुदी तात्काळ लागू झाल्या. संमती-व्यवस्थापकांच्या नोंदणीसाठी एक वर्षाचा आणि मुख्य कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. कलम ४३-क वगळणारी तरतूदही याच अखेरच्या टप्प्यात ठेवल्यामुळे जुनी व्यवस्था संपणे व नवी सुरू होणे यांत पोकळी राहू नये, अशी योजना आहे. पूर्वी दिलेल्या संमतीबाबत अधिनियम मध्यम मार्ग स्वीकारतो : संस्थेने शक्य तितक्या लवकर संबंधित व्यक्तीला सूचना द्यावी, व्यक्तीने संमती मागे घेईपर्यंत विदेचा वापर चालू ठेवता येतो. ही सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, अर्थात मराठी व कोकणीतही, वाचण्याचा पर्याय असला पाहिजे. सुरक्षा-मानकाच्या प्रमाणपत्राने हे कर्तव्य आपोआप पुरे होत नाही.

अन्य नियामकांच्या आदेशांचे स्थान : कलम ३८ नुसार हा अधिनियम इतर कायद्यांना पूरक आहे, विरोध उद्भवल्यास विरोधापुरता तो वरचढ ठरतो. याचा व्यावहारिक अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने (सर्ट-इन) २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निदेशांनुसार सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते व संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. नव्या नियमांत विदाभंगाची खबर मंडळाला व बाधित व्यक्तींना विनाविलंब, तपशीलवार अहवाल मंडळाला ७२ तासांत आणि नोंदींची जपणूक एक वर्ष अशी बंधने आहेत. यांत विरोध नाही. दोन्ही एकाच वेळी पाळता येतात. म्हणून संस्थेला प्रत्येक बाबतीत अधिक कडक असलेले बंधन गाठावे लागते. त्याचप्रमाणे परदेशी विदा पाठविण्याविषयीचे कलम १६ अधिक कडक कायद्यांना बाध आणत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी देयक-व्यवहारांची विदा केवळ भारतातच साठविण्याचा आदेश दिला होता. अशा क्षेत्रीय निर्बंधांना या कलमामुळे वाव राहतो.

मूल्यमापन : मानकाचे नाव घेणारा कायदा लहान संस्थेला निश्चितता देतो. एखाद्या पतसंस्थेला किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयाला ‘वाजवी’ या शब्दापेक्षा परीक्षणाची यादी अधिक उपयोगी पडते. परंतु अशा निश्चिततेत प्रमाणपत्र भिंतीवर टांगून थांबण्याचा मोहही असतो. मानकाविषयी मौन पाळणारा कायदा सावध राहण्यास भाग पाडतो. मात्र काय पुरेसे होते, हे बहुधा भंग झाल्यानंतर निर्णय देणाऱ्या मंडळाकडूनच कळते. भारतीय अधिनियमाने दंड ठरविताना भंगाचे स्वरूप, गांभीर्य, कालावधी व परिणाम कमी करण्यासाठी केलेली कृती विचारात घ्यावी, असे सांगितले आहे. त्यामुळे मानकाचे प्रामाणिक पालन हा यापुढे सुटकेचा दाखला नसून काळजी घेतल्याचा पुरावा एवढेच मूल्य बाळगील, असे म्हणता येते.

या स्थित्यंतरात बाधित व्यक्तीच्या बाजूने एक गोष्ट गमावली जात आहे. कलम ४३-क खाली पाच कोटी रुपयांपर्यंतचे भरपाईचे दावे न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे मांडता येतात. महाराष्ट्रासह सर्व राज्यांत माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे हे काम सोपविलेले आहे. नव्या अधिनियमातील दंडाची रक्कम मात्र भारताच्या संचित निधीत जमा होते आणि ते कलम वगळले गेल्यावर बाधित व्यक्तीला भरपाई देणारी समांतर तरतूद या अधिनियमात नाही. संस्थेकडून मागितलेली काळजी वाढली आणि दंडही वाढला. परंतु ज्याची विदा बाहेर गेली त्याच्या हाती काय पडते, याचे उत्तर कोणतेही मानक देऊ शकत नाही. ते देणे हे कायद्याचेच काम होय.

[⟶ खाजगीपणाचा हक्क, मानकीकरण, माहिती-सुरक्षा, संगणक कायदे].